मदत हवी आहे: सासूबाईंच्या पणजोबांच्या जमिनीची नोंद सापडत नाही

वैदेही_के
सासूबाईंचे पणजोबा 1871 साली अमेरिकेत आले आणि होमस्टेड कायद्याखाली (वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) त्यांना सरकारकडून 160 एकर फुकट मिळाली, असं घरात सगळे सांगतात. जनरल लँड ऑफिसच्या (सरकारी जमीनवाटपाच्या जुन्या कचेरीच्या) नोंदींच्या साइटवर जॉन्सन आडनाव टाकलं तर नावांचा ढीग येतो, आमचे त्यात नाहीत. पुढच्या महिन्यात सासूबाईंची पंचाहत्तरी आहे, तोवर जमिनीचा एक तरी अस्सल कागद हातात हवा. कुठे मिळेल? लवकर सांगा, प्लीज.

रानवाट
राज्य कोणतं? काउंटी? टेक्सास, केंटकी किंवा मूळच्या तेरा वसाहतींपैकी असेल तर ती जमीन केंद्र सरकारने वाटलेलीच नाही, त्या साइटवर दिसणार नाही. आणि हे जॉन्सन मूळचे कुठले?

अवधूत_रा
सरळ डीएनए चाचणी करा. दूरचे भाऊबंद सापडतात, त्यांच्याकडे वंशवृक्ष तयार असतो. एलिस आयलंडच्या (न्यूयॉर्कचं स्थलांतरितांचं तपासणी केंद्र) याद्याही बघा, तिथेच लोकांची नावं बदलली.

रानवाट
एलिस आयलंड सुरू झालं 1 जानेवारी 1892 ला. 1871 ला न्यूयॉर्कला उतरलेला माणूस कॅसल गार्डन या आधीच्या केंद्रातून आत आला. आणि बंदरावर कुणी नावं बदलत नसे, तिथले कारकून बोटीच्या यादीवरूनच काम करत. नाव बदललं ते लोकांनी स्वतः, स्थिरावल्यावर. डीएनएवरून जमिनीचा गट नंबर कळत नाही. त्यांनी कागद मागितलाय.

वैदेही_के
स्वीडन. नेब्रास्का, पोल्क काउंटी, स्ट्रॉम्सबर्गजवळ. घरात शेतसाऱ्याची एक जुनी पावती आहे, तिच्यावर ‘डब्ल्यू 2 एनडब्ल्यू 4 – 23’ असं काहीतरी आणि पुढे टाउनशिप-रेंजचे, म्हणजे मोजणीच्या चौकटीचे, आकडे आहेत. उपयोग आहे का?

तेरेखोल
सगळा उलगडा त्या पावतीतच आहे! ते असं वाचा: सेक्शन 23 चा वायव्य चतकोर, त्याचा पश्चिमेकडचा अर्धा भाग. सेक्शन म्हणजे मोजणीतला चौरस तुकडा, 640 एकरांचा, चतकोर 160 चा, म्हणून ही 80 एकर.

23 हा विषम आकडा आहे. प्लॅट नदीकाठच्या त्या पट्ट्यात विषम सेक्शन रेल्वे कंपन्यांना दिलेले होते. म्हणजे ही 80 एकर बहुधा रेल्वेकडून विकत घेतलेली आहे आणि सरकारी साइटवर त्यांच्या नावाने ती कधीच दिसणार नाही. खरेदीखत ऑसिओलाला, काउंटीच्या मुख्य गावी, काउंटीच्या दस्तनोंदणीत शोधा, जमीन घेणाऱ्यांच्या सूचीत. हप्ते फिटल्यावरच खत होत असे, त्यामुळे तारीख बरीच नंतरची निघेल.

उरलेली 80 होमस्टेडची असावी. रेल्वेच्या पट्ट्यात सम सेक्शनवर 1879 पर्यंत 80 एकरच मिळत, 160 फक्त यादवी युद्धात लढलेल्यांना. तुमच्या तुकड्याला पश्चिमेकडून सेक्शन 22 लागून आहे. साइटवर नावाचा रकाना *रिकामा ठेवा*. नेब्रास्का, सिक्स्थ प्रिन्सिपल मेरिडियन (तिथल्या मोजणीची मूळ रेषा), टाउनशिप, रेंज आणि सेक्शन 22 एवढंच भरा.

चंद्रमौळी
‘फुकट’ म्हणताना हेही लिहा की प्लॅटच्या दक्षिणेची ही जमीन पॉनी या मूळनिवासी लोकांची होती. 1833 च्या तहात त्यांच्याकडून ती गेली. वंशावळीच्या तक्त्यात ती ओळ हवीच.

अवधूत_रा
आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. तसं तिकडे काही नाही का?

रानवाट
आहे, आणि फार सुंदर आहे. स्वीडनमध्ये पाद्री घरोघरचं वाचन आणि धर्मज्ञान तपासून वहीत लिहीत: जन्मतारखा, कोण कुठून आलं, कोण अमेरिकेला गेलं. स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट बघता येतात. पण पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतलं गाव, माहीत हवी. ती अमेरिकेतल्या स्वीडिश लुथरन चर्चच्या सभासद-नोंदीत मिळते. त्या नोंदींच्या फिल्म इलिनॉयच्या रॉक आयलंडला, ऑगस्टाना कॉलेजच्या स्वेन्सन सेंटरमध्ये आहेत.

वैदेही_के
सापडलं!! सेक्शन 22, ईशान्य चतकोराचा पूर्व अर्धा, 80 एकर, 1878. आडनाव ‘योहानसन’ लिहिलंय, म्हणून इतके दिवस हुकत होतं. आता फ्रेम करायला हेच पेटंट (सरकारने दिलेलं जमिनीचं मालकीपत्र) डाउनलोड करू ना?

तेरेखोल
करा, पण पेटंटवर नाव, जमीन आणि तारीख एवढंच असतं. खरा ऐवज आहे तो नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या लँड एंट्री फायलीत, म्हणजे जमिनीच्या अर्जाच्या फायलीत. नेब्रास्काच्या होमस्टेड फायली स्कॅन झाल्यात, आधी फोल्ड-थ्री या जुन्या नोंदींच्या साइटवर बघा. नाही मिळाली तर फाइल मागवण्याचा नॅशनल आर्काइव्ह्जचा एनएटीएफ 84 हा फॉर्म भरा. लँड ऑफिसचं नाव, जमिनीचं वर्णन आणि फायनल सर्टिफिकेटचा नंबर अचूक लिहा, नंबर चुकला तर भलत्याचीच फाइल हाती येते.

पाच वर्षं राहून जमीन कसल्याचा पुरावा त्यात असतो: घर मातीच्या ढेपांचं की लाकडाचं, लांबी-रुंदी, विहीर, किती एकर नांगरली. परदेशातून आलेल्यांच्या फायलीत नागरिकत्वाच्या कागदाची नक्कलही लागते. दोन साक्षीदारांची नावं आधी उतरवून घ्या. शेजारी बहुतेकदा गावाकडचेच असत, त्यांची पॅरिश सापडली की यांचीही सापडू शकते.

रानवाट
1890 ची जनगणना शोधत बसू नका, ती 1921 च्या आगीनंतर जवळजवळ सगळी गेली. त्याऐवजी नेब्रास्काची 1885 ची बघा. आणि 1880 च्या जनगणनेतला शेतीचा तक्ता सोडू नका, आदल्या हंगामात किती बुशेल गहू-मका निघाला ते त्यात शेतकऱ्याच्या नावासमोर लिहिलेलं असतं. योहानसन आणि जॉन्सन, दोन्ही आडनावांनी शोधा.