मदत हवी आहे: बंधाऱ्यात अडलेल्या सीनेची तब्येत कशी तपासायची?

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळ सीनाकाठच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. नववीच्या पोरांना घेऊन नदीची नोंदवही सुरू करायची आहे. पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं किट आहे.

पंचाईत अशी की आमची सीना वर्षभर वाहत नाही. पाऊस सरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांत पाणी तुंबतं, पुढे भीमा-सीना जोडकालव्यातून उजनी धरणाचं पाणी सुटलं तर पुन्हा वाहतं. मग वहीत तब्येत लिहायची ती सीनेची की उजनीची? (उजनीत मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी उतरतं, ते आलंच.) उन्हाळ्यात डोहात ऑक्सिजन भरपूर दाखवतो, तरी मासे मरून वर येतात. हे कसं?

शिवाय नदी गावाच्या काय कामाची उरली, तेही नोंदवायचंय. पण विचारलं की लोक 'बरंय की' म्हणून मोकळे!

प्रतिसाद १
सर, ऑक्सिजन शाळेच्या वेळेत मोजता ना? पाणी हिरवं असेल तर शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच ओढून घेतं. उजाडायच्या सुमाराला तो सगळ्यात कमी असतो, मासे तेव्हा गुदमरतात. त्याच जागी पहाटे आणि दुपारी तीनला मोजून बघा. आंघोळीच्या पाण्याला लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष. दुपारी ९ मिलिग्रॅम आणि पहाटे २ मिलिग्रॅम आला, तर दुपारच्या आकड्यावर खूश होण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद २
प्रत्येक नोंदीवर आधी नदीची अवस्था लिहा: पुराचं पाणी, अडलेलं, की कालव्यातून सोडलेलं. तुलना एकाच अवस्थेतल्या नोंदींची करा, म्हणजे सीना की उजनी हा घोळ बराचसा सुटतो. जोडीला काठाजवळचे दगड उलटून किडे बघा. पाण्याचा नमुना त्या घटकेचं सांगतो, किडे मागच्या काही आठवड्यांचं. नुसत्या लाल अळ्याच असतील तर लक्षण वाईट. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही तगतात. मात्र किड्यांवरून पाण्याची तब्येत ठरवायचे वाहत्या पाण्याचे तक्ते डोहाला लावू नका, साचलेल्या पाण्यात काही जाती एरवीही नसतात.

लोकांना मत विचारूच नका. गुरं कुठे पाजता, पोरं कुठे पोहतात, मासे धरणं कुणी कधी सोडलं, हे विचारा. आणि घरी नको, काठावर उभं राहून.

धागाकर्ता
दोघांचे आभार. पहाटे पोरांना पालक सोडणार नाहीत, तेवढं मी करतो. उजनीचं पाणी पोचलं की किती दिवस थांबून नमुना घ्यावा, कुणाला अनुभव आहे का?