मदत हवी आहे: जुनी आय-टेन घेतोय, काय काय तपासू?

नागपूरकर मंडळी, आईला दवाखान्यात न्यायला-आणायला एक जुनी छोटी गाडी पाहतोय. मानेवाड्यात २०१२ ची आय-टेन बघितली, १.१ पेट्रोल, एमएच ३१ पासिंग. चालते छान पण सर्व्हिसची बिलं मालकाकडे नाहीत, आणि या १.१ इंजिनला टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर चालवणारा पट्टा) असतो, चेन १.२ लिटरच्या ‘कप्पा’ नावाच्या इंजिनला, मग बेल्ट कधी बदलला ते कसं कळणार? कव्हर काढून मेकॅनिकला अंदाज येतो का, की घेतल्या घेतल्या टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदलूनच टाकू? टायरवर १८१७ आहे, म्हणजे २०१७ च्या अठराव्या आठवड्यातले, नक्षी शिल्लक असली तरी ते मी बदलणारच.

कूलंटच्या डब्यात मात्र तांबूस गढूळ पाणी होतं, खरी धास्ती त्याचीच वाटते, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि आई आत बसलेली असताना वर्धा रोडवर गाडी गरम होऊन बंद पडली तर? रेडिएटर साफ करून भागेल की हेड गॅस्केटही (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) तपासून घेऊ?

२०२७ ला १५ वर्षं होतात, आरसी रिन्यूचा खर्च धरूनच भाव करणार आहे.

हुडकेश्वरकडचा कोणी भरवशाचा मेकॅनिक गाडी बघायला सोबत येत असेल तर सांगा न भाऊ.