ती मिनर्व्हा नव्हे, रोमा

जुन्या रोमन नाण्यावरच्या शिरस्त्राणवाल्या देवीला कुणीतरी मिनर्व्हा (रोमनांची बुद्धीची देवी) म्हटलंय. पण इ.स.पू. 211च्या सुमारास निघालेल्या पहिल्या देनारियसवरची (रोमचं चांदीचं नाणं) ही बाई बहुतेक अभ्यासक रोमा, म्हणजे खुद्द नगराची देवता, मानतात. शिरस्त्राणाला पंख, आणि डोक्यामागे दहाचा रोमन आकडा, कारण तेव्हा एका देनारियसचे दहा आस, म्हणजे कांस्याची नाणी, होत (पुढे सोळा झाले). मागच्या बाजूला कॅस्टर आणि पोलक्स, भाले रोखून घोडे फेकणारे जुळे भाऊ. आपले अश्विनीकुमारच आठवतात! नाणं झिजलेलं असेल तर टोप्यांवरचे दोन तारे शोधा, ओळख पटते.

माझं सगळ्यात आवडतं मात्र इ.स.पू. 46चं, टांकसाळीचा अधिकारी कॅरिसियस याचं नाणं. एका बाजूला जूनो मोनेटा ही देवी, जिच्या रोममधल्या कॅपिटोलाइन टेकडीवरच्या देवळापाशी टांकसाळ होती. दुसऱ्या बाजूला देवबीव कोणी नाही, चक्क टांकसाळीची अवजारं: चिमटा, ऐरण, हातोडा. कारागिरांना एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

दोनच वर्षांनी ज्युलियस सीझरने नाण्याच्या दर्शनी बाजूवर स्वतःचा चेहरा आणला. ज्या व्हीनस देवीला तो आपल्या कुळाची मूळमाता म्हणवायचा, ती गेली मागच्या बाजूला.