गच्चीवर केल: कधी पेरू, पानं कशी खुडू?

अंगणवेल:
नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो. गच्चीवर मेथी, पालक, मिरच्या असतातच. यंदा लेकीच्या आग्रहामुळे केल ही पालेभाजी लावायची आहे. दोन प्रकारचं बी आणलंय, एक कुरळ्या पानांचं आणि दुसरं लॅसिनॅटो, म्हणजे लांबट, गडद पानांचं. कधी पेरू? कुंडी केवढी हवी? आणि पानं पालकासारखी बुडापासून कापायची की एकेक खुडायची?

मातीवाला:
ताई, पाऊस ओसरला की पेरा, म्हणजे सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. केल म्हणजे कोबी, फ्लॉवर, नवलकोलचीच भावकी, तिला थंडी मानवते. बी ट्रेमध्ये टाका, आठवड्याभरात उगवतं. चार-पाच खरी पानं (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) आली की रोप 12 इंची कुंडीत हलवा, एका कुंडीत एकच. ऑक्टोबरच्या उन्हात नव्या रोपांना दुपारची सावली द्या, पुढे पाच-सहा तास ऊन हवंच. पानं खायची असल्याने शेणखत किंवा गांडूळखत दर पंधरवड्याला मूठभर घालत राहा.

बुडापासून अजिबात कापू नका! पेरणीपासून दोन-अडीच महिन्यांनी खालची पानं तळहाताएवढी होतात, ती घ्यायची. देठ खोडाला चिकटतो तिथेच धरून खाली ओढलं की पान कट्कन सुटतं. शेंडा आणि त्याभोवतीची पाच-सहा पानं शाबूत ठेवा, रोप वर वाढत जातं आणि तुम्ही खालून खुडत राहता. पिवळी पडलेली पानंही काढून टाका. खोड उघडं पडून उंच झालं की काठीचा आधार द्या.

शेवंती:
माव्याचं, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीचं, आत्ताच सांगून ठेवते. कुरळ्या पानाच्या चुण्यांत तो असा दडतो की वरून रोप ठणठणीत दिसतं. पान उलटून मधल्या शिरेशी पाहा, राखाडी पीठ सांडल्यासारखं दिसलं की समजा. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि साबणाचे थोडे थेंब, ऊन कलल्यावर. हिरव्या अळ्या मात्र हातानेच वेचा. शेजारच्या कुंडीत मोहरी पेरून ठेवा. कोबीच्या शेतात मोहरी सापळा पीक म्हणून लावतातच, कीड आधी तिकडे वळते. गच्चीसाठी मी लॅसिनॅटोच सुचवेन, पानांच्या कडा कुरळ्या नसल्याने धुणं फार सोपं.

परदेशी_परसबाग:
न्यू जर्सीहून. आमच्याकडे केल हिमातही उभी असते आणि कडाक्याच्या थंडीनंतर पानं गोड लागतात, कारण गारठ्यात झाड पानात साखर साठवतं. पुण्यात हिम नाही, पण डिसेंबर-जानेवारीतली पानं नक्की चाखून बघा, तीच सगळ्यात चांगली. मधला जाड देठ काढून बारीक चिरा. आमच्या घरी पीठ पेरून भाजी होते, थालीपिठातही छान मिळून येते. कच्ची खायची तर मीठ-लिंबू लावून हाताने चुरा, नाहीतर चावता चावता जबडा दुखतो.

अंगणवेल:
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! लॅसिनॅटोच जास्त लावते. उन्हाळ्यात रोपं ठेवायची का?

मातीवाला:
नको. मार्चमध्ये ऊन चढलं की पानं चिवट, कडू होतात आणि मावाही वाढतो. रोपं उपटून त्याच कुंड्यांत गवार किंवा भेंडी लावा. कोबीवर्गातलं काही लगेच नको, तीच कीड पुन्हा येईल.