प्रति: ट्रेकला हलके कपडे कोणते घ्यावेत?
कॉटन घाम शोषतं म्हणून तेच बरं असं वर दोघांनी लिहिलंय, ते दादरच्या गर्दीत फिरायला ठीक आहे हो, पण डोंगरावर नाही पटत. कॉटन घाम शोषतं पण लवकर सोडत नाही, ऑक्टोबरच्या उन्हात चढताना सॅक टेकते तिथे टीशर्ट अक्षरशः पिळून काढावा असा होतो आणि मग कळसूबाईच्या शिड्या संपवून १६४६ मीटरवर वाऱ्यात उभं राहिलं की तोच ओला कपडा अंगातली ऊब खेचून घेतो, त्यात दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं ते वेगळंच. पॉलिएस्टरचा पातळ, फुल बाह्यांचा टीशर्ट घ्या, काटेरी झुडपांतून जातानाही बरा पडतो.

वर कोणीतरी फ्लीस, म्हणजे मऊ उबदार जाकीट, सांगितलंय, हिवाळा सोडून सह्याद्रीत ते नुसतं ओझं. मुठीत मावेल असं विंडचीटर पुरतं, फक्त ते चढताना घालू नका, थांबल्यावर लगेच घाला. आणि विकत घेताना काखेखाली जाळी आहे का बघा, नाहीतर बाहेरून पाऊस नसतानाही आतून चिंब. जीन्सबद्दल तर बोलायलाच नको.