मदत हवी आहे: ही बिनशंखाची गोगलगाय कोणत्या कुळातली?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात गेले आठ दिवस नुसती झड लागलीय, आणि आमच्या परसात झेंडूची रोपं रात्रीत भुईसपाट. बॅटरी घेऊन बघितलं तर बोटाएवढ्या, काळपट, चपट्या गोगलगायी. पाठीवर मधोमध फिकट रेघ. (आई मिठाचा डबा घेऊनच आली होती, तिला कसंबसं थांबवलं.)

माझा गोंधळ असा. मारिएला वगैरे दुसऱ्या बिनशंखी गोगलगायींच्या पाठीवर प्रावाराची (मऊ कातडी पडद्याची) झूल असते, तिच्या उजव्या कडेला श्वासाचं छिद्र दिसतं, आत शंखाची उरलेली चकतीही असते. इथे तसलं काहीच नाही. सगळी पाठ एकाच चामड्यासारख्या कातडीनं झाकलेली, उलटी केली तर पाय म्हणजे मधली अरुंद पट्टी, आणि खालच्या शिंगांची टोकं दुभंगलेली. म्हणजे व्हेरोनिसेलिडी कूळ, एवढं नक्की वाटतं. त्यात श्वासाचं छिद्र पार मागच्या टोकाला असतं म्हणे.

पण मूळची आफ्रिकेतली लेव्हिकॉलिस आल्टे की आपल्याकडची सेम्पेरुला? जननेंद्रियं उघडून बघितल्याशिवाय हे सांगता येतं का? पायाची रुंदी, मादी-छिद्राची जागा यावरून कुणी ओळखलंय का? पोटाकडचा फोटो कसा काढू, तेही सांगा. काचेवर ठेवली की लगेच आक्रसते.