जुन्या पितळी वाट्यांच्या दिवाळी तोरणासाठी मदत हवी आहे

नमस्कार. वापरात नसलेल्या पितळी वाट्या, कोयरीची झाकणे आणि विरलेल्या पैठणीचे जरीचे काठ यांपासून मी दिवाळीसाठी दारावरचे तोरण करीत आहे. आमचे घर लातूरला असून दार पश्चिमेकडे आहे, त्यामुळे दुपारनंतर तोरणावर थेट ऊन येईल.

चिंच-मिठाने घासलेल्या वाट्या साध्या पाण्याने, मग चिंचेची आम्लता राहू नये म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन मी पूर्ण वाळवल्या. तरीही थोड्याच दिवसांत त्या काळवंडतात आणि जरीला टेकतात तेथे कापडावर हिरवट डाग पडतो. एका झाकणावर पारदर्शक नेलपॉलिश लावून पाहिले, परंतु उन्हात त्याचे पापुद्रे निघाले.

काही वाट्यांना आतून कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, आहे. कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळत असल्याने डाग देऊन (तापवून झाळकाम करून) कड्या जोडणे मला नको आहे. हातड्रिलने काठाजवळ बारीक भोक पाडण्याची माझी तयारी आहे. मात्र काठावर ठिपक्यांनी कोरलेले आजीचे नाव आणि ठोक्यांच्या खुणा जशाच्या तशा राहाव्यात, हे माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून बफिंगही (यंत्राने घासून चकाकी आणणे) करायचे नाही.

तेव्हा उन्हात टिकेल, कोरीव ठिपक्यांत साचणार नाही आणि पुढे गरज पडल्यास काढता येईल असे कोणते लॅकर (पारदर्शक लेप) किंवा मेण पितळेवर लावावे, आणि जरीचे काठ व धातू यांच्यामध्ये कशाचे अस्तर द्यावे?